जागं राहण्यासाठी घेतलेली पुडी

शहरातली नशा म्हटलं की दोनच चित्रं डोळ्यांपुढे येतात. पुलाखाली पन्नी लावून बसलेला गर्दुल्ला, नाहीतर फार्महाऊसवरच्या पार्टीत सापडलेला श्रीमंताघरचा मुलगा. या दोघांच्या मधे सकाळची लोकल पकडणाऱ्या, घराचे हप्ते फेडणाऱ्या माणसांची जी अफाट वस्ती आहे, तिच्याकडे कुणी संशयाने पाहत नाही. माझा धाकटा भाऊ त्या वस्तीतला. आणि माझं कल्याणला औषधांचं दुकान असल्यामुळे त्याच्यासारखे कितीतरी जण मला रोज काउंटरपलीकडे उभे दिसतात. त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे.

भाऊ लाइट-साउंडच्या एका कंत्राटदाराकडे कामाला होता. लोखंडी ट्रस उभे करायचे, त्यांवर चढून दिवे बांधायचे, एलईडीच्या भिंती लावायच्या, मैलभर केबल ओढायची. गणपतीत सुरू झालेला हंगाम नवरात्र, दिवाळी, लग्नसराई करत 31 डिसेंबरपर्यंत दम घेऊ देत नाही. रात्री उभारणी, कार्यक्रम संपला की पहाटे उतरवणी, टेम्पोत माल चढवला की थेट पुढचं मैदान. अशाच एका रात्री बरोबरच्या मुलाने त्याला चिमूटभर पांढरी पावडर दिली. झोप उडेल, एवढंच सांगितलं. पुढे बऱ्याच काळाने, दवाखान्यातल्या खाटेवर बसून तो मला म्हणाला, "ताई, मला मजा नको होती गं. मला वरून पडायचं नव्हतं. आमच्यातला एक जण डुलकी लागून पडला होता."

हे वाक्य मी अनेकांना सांगते, कारण घरचे लोक चौकशी सुरू करतात तीच मुळात चुकीच्या जागेपासून. संगत कुणाची, पैसे कुठून आणले, आमच्या संस्कारांत काय कमी पडलं? या प्रश्नांना उत्तर म्हणून फक्त खोटं मिळतं. विचारायचं ते हे, की हा पदार्थ तुझं कुठलं काम करतो? जागं ठेवतो, झोपवतो, कंबरेची कळ मारतो, चारचौघांत बोलायचं धाडस देतो की डोक्यातली कटकट थांबवतो? बहुतेकांकडे याचं उत्तर तयार असतं. आजवर कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

काउंटरवर उभं राहिलं की हे स्पष्ट दिसतं. रात्रपाळीचा वॉचमन सकाळी येऊन झोपेची गोळी मागतो, कारण दिवसा चाळीत झोप लागत नाही. गोण्या वाहणारा हमाल ट्रॅमाडॉल मागतो, कारण ती घेतली की पाठ दुखत नाही आणि अंगात तरतरीही येते. ट्रॅमाडॉलने फिट येऊ शकते हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. कॉलेजची मुलं खोकला नसताना कोडीनचं खोकल्याचं औषध मागतात. आणि एक वर्ग असा आहे ज्याबद्दल कुणीच लिहीत नाही. चाळिशी-पन्नाशीच्या बायका. नवरा गेला किंवा सासूचं आजारपण काढलं तेव्हा कुणा डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी अल्प्राझोलाम लिहून दिलेली असते. ती चिठ्ठी पर्समध्ये घडी पडून विरलेली असते आणि गोळी चालूच असते. त्यांना कुणी व्यसनी म्हणणार नाही, त्या स्वतःलाही म्हणणार नाहीत. पण एक दिवस गोळी चुकली की हात थरथरतात, छाती धडधडते.

2013 साली सरकारने अशा औषधांसाठी 'एच-वन' ही वेगळी यादी केली. पाकिटावर लाल चौकटीत इशारा, चिठ्ठीशिवाय विक्री नाही, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. नियम चांगला आहे. तो सगळीकडे पाळला जात नाही, हे मला माहीत आहे, आणि माझ्या व्यवसायातल्या माणसांना मी हे तोंडावर सांगते. चिठ्ठीशिवाय विकलेली एक पट्टी म्हणजे एका घराची झोप उडवणं आहे.

आकडे पाहिले की प्रश्न पार्ट्यांचा नाही हे पटतं. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल 2019मध्ये आला. झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या वैद्यकीय कारणाशिवाय घेणारे देशात सुमारे 1.18 कोटी निघाले. अफूपासून आलेले पदार्थ, म्हणजे हेरॉइन, ब्राऊन शुगर आणि त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या घेणारे 2 कोटींच्या वर. व्हाइटनर, सोल्युशन असले पदार्थ हुंगण्याचं प्रमाण मोठ्यांत 0.58 टक्के, तर मुलांमध्ये 1.7 टक्के होतं. मुलं मोठ्यांच्या पुढे गेलेला तो एकच प्रकार होता. फलाटावरचं पोर रुमाल नाकाला लावून बसतं ते भूक आणि थंडी कळू नये म्हणून. तिथेही पदार्थ कामच करत असतो. पण त्या वाफा मेंदूच्या नसा कायमच्या खराब करतात, आणि हृदयाचे ठोके बिघडून हुंगता हुंगताच मरण येऊ शकतं, अगदी पहिल्या वेळीही.

माझ्या भावाला दिलेली पावडर एमडी होती. मेफेड्रोन. पोरं त्याला 'म्याऊ म्याऊ' म्हणतात. पूर्णपणे रसायनांतून बनणारा हा पदार्थ आपल्याकडे फेब्रुवारी 2015मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आला. तो दूर कुठून डोंगरातून यावा लागत नाही, हेच त्याचं सगळ्यात भयंकर अंग. 2024च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर छापा घातला तेव्हा शेकडो किलो एमडी सापडलं. आपल्याच जिल्ह्यांत माल बनतो, म्हणून तो टेम्पोत काम करणाऱ्या पोरापर्यंत पोचतो.

एमडी शरीरात काय करतं ते नीट समजून घ्या, कारण ते कळलं की घरातल्या माणसाच्या विचित्र वागण्याचा अर्थ लागतो. मेंदूत उत्साह, आनंद आणि सावधपणा यांच्याशी निगडित रसायनं ते एकदम मोठ्या प्रमाणात मोकळी करतं. झोप, भूक, थकवा काही काळ जाणवेनासे होतात. माणूस बोलका होतो, कामाला भिडतो. पण थकवा गेलेला नसतो. पुढच्या आठवड्याच्या मजुरीची आज उचल घ्यावी, तशी शरीराने पुढची ताकद आधीच खर्चून टाकलेली असते. अंमल तास-दोन तासांत उतरू लागतो आणि लगेच दुसऱ्यांदा घ्यावंसं वाटतं. या लवकर उतरण्यामुळेच माणूस रात्रभरात पुन्हापुन्हा घेत राहतो. तेवढ्या वेळात हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढलेला असतो, अंग तापलेलं असतं, रक्तवाहिन्या आवळल्यामुळे बोटं गार आणि निळसर पडतात, जबडा घट्ट आवळला जातो, दात करकर वाजतात. नाकातून ओढणाऱ्याच्या नाकाच्या आतली त्वचा सोलवटून रक्त येतं. अंमल संपला की येते ती खोल उदासी. दिवसच्या दिवस मेल्यासारखी झोप, कशातच रस नाही, आणि काहींना स्वतःला संपवण्याचे विचार. कित्येक घरांत फक्त हीच उदासी दिसते आणि तिला आळस म्हटलं जातं.

आमच्या घरात वजन घटल्याचं आईच्या लक्षात आलं, मग दात वाजणं. तिला वाटलं जंत झाले. त्यानंतर भाऊ समोरच्या इमारतीतून कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं म्हणू लागला. फोनच्या कॅमेऱ्यावर त्याने काळी चिकटपट्टी लावली. दाराबाहेर कुजबुज ऐकू येते म्हणायचा आणि मध्यरात्री कडी तपासत बसायचा. नातेवाइकांनी बाहेरची बाधा ठरवली. एका काकांनी लग्न लावून द्यायचा सल्ला दिला, म्हणजे जबाबदारीने ताळ्यावर येईल. या सल्ल्याने आपल्या समाजात किती मुलींची आयुष्यं मातीत गेली आहेत! आजारी माणसाच्या उपचारासाठी परक्या मुलीला घरात आणणं हा त्या मुलीवरचा अन्याय आहे, आणि आजार त्याने तसूभरही हलत नाही. आई मात्र ठाम राहिली. काकांना ती म्हणाली, "भावोजी, आधी डॉक्टर."

संशय, भास, आवाज ऐकू येणं हा एमडीमुळे होणारा मनाचा गंभीर विकार आहे. भास होणाऱ्या माणसाशी वाद घालू नका, "तसं काही नाहीये" म्हणून हसू नका. "तुला भीती वाटतेय ना, आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी बरोबर आहे," एवढं पुरतं. घरातल्या सुऱ्या, गोळ्यांच्या पट्ट्या, गाडीच्या चाव्या बाजूला करा.

एका रात्री भावाचं अंग भाजल्यासारखं तापलं, छाती धडधडत होती, बोलणं असंबद्ध. अशा वेळी काय करायचं ते पाठ करून ठेवा. 108वर फोन करा. पंखा लावा, कपडे सैल करा, कपाळ, मान, काखा ओल्या फडक्याने पुसत राहा. पांघरूण घालू नका. दोन-चार जणांनी मिळून पालथं दाबून धरू नका, त्यात श्वास कोंडतो. बळेबळे तांब्याभर पाणी पाजू नका. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या फुप्फुसात ते जाऊ शकतं, आणि एमडीमध्ये अति पाण्याने रक्तातलं सोडियम उतरून फिट येण्याचाही धोका असतो. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगा. पुडी उरली असेल तर सोबत न्या. लाजेने "काहीतरी खाण्यात आलं असेल" म्हणालात तर त्यांचा मोलाचा वेळ जातो. एमडीवर उतारा असं औषध नाही. ताप उतरवणं, हृदय सांभाळणं, माणसाला शांत करणं हाच उपचार, आणि तो वेळेत मिळाला तर माणूस वाचतो. महापालिकेच्या रुग्णालयात भावाला तो त्या रात्री मिळाला.

गुंगीच्या पदार्थांचं संकट अगदी उलट दिसतं. झोपेच्या गोळ्या, दारू, ब्राऊन शुगर, कोडीन, ट्रॅमाडॉल यांतले दोन पदार्थ एकत्र आले की श्वास मंदावत जातो. माणूस हाका मारूनही उठत नाही, घशातून घरघर येते, ओठ निळे पडतात. घरचे म्हणतात, "झोपू दे, उतरेल." त्या घरघरीला घोरणं समजून लोक दिवा मालवतात आणि सकाळी माणूस गेलेला असतो. कुशीवर वळवा, तोंडातली घाण काढा, 108ला फोन करा, आणि मदत येईपर्यंत शेजारून उठू नका. ताक, लिंबू, मिठाचं पाणी यांतलं काहीही तोंडात घालू नका. रात्रभर एमडी घेऊन जागलेली पोरं सकाळी झोप यावी म्हणून गोळी आणि दारू घेतात, तेव्हा हे दोन्ही धोके एकाच शरीरात येऊन उभे राहतात.

आता माझ्या दुकानातली एक मागणी. आठवड्यातून कुणीतरी बाई, बहुतेक वेळा आई किंवा बायको, हळू आवाजात विचारते, "त्यांना कळू न देता जेवणात घालायचं औषध द्या ना." तिची तळमळ मला कळते, तरी मी स्पष्ट नाही म्हणते. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर जी डायसल्फिरामची गोळी देतात, ती रुग्णाला पूर्ण माहिती देऊन, त्याच्या संमतीने द्यायची असते. ती पोटात असताना माणूस दारू प्यायला तर चेहरा लाल होतो, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदय बिघडतं, जीव जाऊ शकतो. भिंतीवरच्या जाहिरातींतल्या चूर्णांत काय मिसळलेलं असतं याचा भरवसा नाही.

तसंच, घरात कोंडून एका झटक्यात सगळं बंद करण्याचा हट्ट धरू नका. ब्राऊन शुगर थांबली की येणारी टर्की भयंकर असते. हाडं दुखतात, जुलाब-उलट्या होतात, रात्ररात्र डोळा लागत नाही. पण तिच्यावर औषधं आहेत, आणि ब्युप्रेनॉर्फिनसारखी गोळी देखरेखीखाली देऊन माणसाला स्थिर करता येतं. दारू आणि झोपेच्या गोळ्या यांचं मात्र वेगळं आहे. रोजची सवय असताना त्या अचानक थांबवल्या तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, मृत्यूही होऊ शकतो. पर्समधली ती जुनी चिठ्ठी बाळगणाऱ्या ताईंनी आज हे वाचून गोळ्या केरात टाकू नयेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. ते आठवड्या-आठवड्याने मात्रा उतरवत नेतात.

व्यसनमुक्ती केंद्र निवडताना घाई करू नका. आम्ही पाहायला गेलो त्या पहिल्या ठिकाणी जिन्यावर कुलूप होतं, आत डॉक्टर नव्हते, आणि महिनाभर भेटायचं नाही अशी अट होती. एका मुलाच्या घोट्यावर वळ दिसले. आम्ही तिथूनच परतलो. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी संबंधित आजारही येतात, रुग्णाला साखळीने बांधायला त्या कायद्याने बंदी आहे, आणि अशा संस्थेची राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणीपत्र मागा. मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, आल्यावर हृदयाची तपासणी होते का, घरच्यांना भेटता येतं का, बाहेर पडल्यावर फॉलोअपची काय सोय आहे, हे विचारा. यातल्या एकाही प्रश्नावर समोरचा चिडला तर उठून या. पुण्याच्या मुक्तांगणचं काम 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, तेव्हा महाराष्ट्रापुढे गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगरचं संकट होतं. न मारता, न बांधता, माणसाला विश्वासात घेऊन आणि बायको-आईवडिलांना सोबत धरून उपचार होतात, हे त्या कामाने आपल्या डोळ्यांपुढे उभं केलं. पदार्थ बदलला तरी पद्धत तीच कामाला येते. एमडीची ओढ घालवणारं ठरलेलं औषध नसल्यामुळे समुपदेशन, गटसभा आणि आखलेली दिनचर्या यांवरच सगळा भार असतो. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मनाच्या त्रासासाठी 14416वर 'टेलिमानस' आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणारे फार आहेत. अमली पदार्थांच्या 1985च्या कायद्यात कलम 64ए आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला त्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतलं जातं. विकणाऱ्याला ही सवलत नाही. म्हणून पदार्थाचे पैसे भागवण्यासाठी मित्रांना पुड्या पुरवायला लागण्याच्या आत माणसाला उपचारापर्यंत आणणं फार महत्त्वाचं असतं.

घरी परतल्यानंतरचे महिने सर्वांत नाजूक. स्लिप होते, म्हणजे माणूस एखाद्या वेळी पुन्हा पदार्थ घेतो. झाली तर आरडाओरडा न करता दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ब्राऊन शुगर किंवा गुंगीच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या घरी आणखी एक गोष्ट माहीत हवी. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीइतकाच डोस पुन्हा घेतला तर श्वास बंद पडू शकतो. केंद्रातून नुकतेच आलेले कितीतरी जण असे जातात. ज्याने कधीही सुई वापरली असेल, किंवा नाकात ओढायला गुंडाळलेली एकच नोट सगळ्यांनी फिरवली असेल, त्याची हेपॅटायटिस सी आणि बी यांची तपासणी करून घ्या, सुई वापरली असेल तर एचआयव्हीचीही. हेपॅटायटिस सी आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि राष्ट्रीय कार्यक्रमाखाली त्याचे उपचार मोफत आहेत.

भावाने ट्रसवर चढणं सोडलं. आता एका दिव्यांच्या गोदामात दिवसपाळीला असतो. पगार कमी आहे, आणि त्यावरून घरात कुणी अवाक्षर काढायचं नाही हे आईने ठरवून टाकलं आहे. रात्री ठरल्या वेळी झोपणं हा त्याच्या उपचाराचा भाग आहे. डॉक्टरांनी कागदावर लिहूनच दिलं आहे.

पण त्याच्या जागी दुसरं कुणीतरी चढलं आहे. म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना आणि लग्नघरांना माझी विनंती आहे. कंत्राटदाराशी दर ठरवताना उभारणीला एक टोळी आणि उतरवणीला दुसरी, असं करारातच लिहून घ्या. किती माणसं येणार, त्यांनी आदल्या रात्री कुठे काम केलं, ती झोपली आहेत का, हे विचारा. दुसऱ्या टोळीचा खर्च वर्गणीतून द्या. आमच्या गल्लीतल्या मंडळाने गेल्या गणपतीत असा करार केला. त्यासाठी कमानीवरचे दिवे कमी करावे लागले, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.